इंदीचे हात

नळाला पाणी यायच्या दिवशी आमच्या गल्लीत कोणालाच कोणाचं ऐकू यायचं नाही. सिडकोतल्या त्या भागात पाणी आठवड्यातून एकदा आलं तर आलं. ते येणार अशी खबर लागली की मम्मी फॉल-पिकोचं काम बाजूला सारून ड्रम घासायला घ्यायची, जिन्यावरून हिरवा पाइप ओढत आणायची, आणि मग एकेका घराची मोटर सुरू व्हायची. शेजारच्यांची जाड, घशात कफ अडकल्यासारखी. समोरच्यांची बारीक, सुईसारखी. आमची या दोन्हींच्या मधली. सगळ्या एकदम चालू झाल्या की माझ्या दातांच्या मुळाशी काहीतरी हलायला लागायचं, आणि मी आतल्या खोलीत गोधड्यांच्या थप्पीला टेकून तोंड मिटून माझा सूर धरायचे. दोनच स्वर होते त्यात. खालचा लांब, वरचा आखूड. तळहात हनुवटीखाली दाबून धरला की सूर हाडातून कानात यायचा आणि बाहेरच्या मोटरी लांब गेल्यासारख्या व्हायच्या. मम्मी सांगायची, मी बोलायला लागले त्याच्या आधीपासून मला हा सूर येतो. बोलायला मी तशी उशिराच लागले.

जेवणाच्या बाबतीत मी घराला पुष्कळ छळलं असेल. ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचं वरण, दही आणि उकडलेला बटाटा, यापलीकडे माझं ताट जायचं नाही. ताटातला एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला मला चालायचा नाही. लसणाची फोडणी पडायच्या आधी मम्मी मोठ्यानं सांगायची, "प्रज्ञा, बाहेर जा," आणि मी जिन्यात जाऊन बसायचे. येसर आमटीच्या वासानं मला मळमळायचं, आणि पप्पांना तर ती जीव की प्राण होती. त्यामुळे आमच्या घरात येसर आमटी मी कॉलेजात गेलेली असतानाच व्हायची. हे मला फार उशिरा कळलं. पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होते. फर्स्ट शिफ्ट असली की अंधारात कंपनीची बस पकडायचे आणि दुपारी चारच्या सुमारास परत यायचे. दाराबाहेर बूट काढायचे, हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, तरी त्यांच्या अंगाला ऑइलचा वास राहायचाच, आणि तो वास मला आवडायचा. ते कमी बोलायचे. माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघायचे नाहीत, मीही त्यांच्याकडे बघायचे नाही. आम्ही दोघं खिडकीकडे तोंड करून बोलायचो. असा बाप मला मिळाला हे माझं नशीब, असंच मी धरून चालले होते. मात्र मी सूर धरला की ते उठून गॅलरीत जायचे. मम्मी म्हणायची, थकतात गं ते.

माझ्या या वागण्याला एक नाव आहे, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं. एका डॉक्टर मॅडमनी बऱ्याच भेटी घेऊन, मम्मीला खोदून खोदून विचारून ते सांगितलं. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. इंग्रजी शब्द मी लगेच घेतला, मराठी शब्दाशी मात्र माझं भांडण आजही मिटलेलं नाही. मी स्वतःत मग्न कधी होते? शेजारच्या घरातला कुकर, वरच्या मजल्यावरचं पाटा-वरवंट्याचं घासणं, मम्मीच्या मशीनची सुई, रस्त्यावरचा भंगारवाला, हे सगळं एकाच वेळी माझ्या अंगात शिरायचं. स्वतःसाठी जागाच उरायची नाही. पहिला व्हिडिओ मी केला तो हेच सांगायला. गोधड्यांच्या थप्पीवर मोबाइल उभा केला आणि खिडकीकडे बघत बोलले. मला वाटलं होतं, कॉलेजातल्या चार मुली बघतील. पण तो फिरत फिरत बीडला गेला, नांदेडला गेला, पुण्याला गेला. लोक विचारायला लागले आणि मी उत्तरं द्यायला लागले. शाळेत मी बाकाखाली का बसायचे, केस विंचरताना का ओरडायचे, पाहुणे आले की मला ताप का यायचा. मराठीत, आपल्याकडच्या बोलीत हे कोणी सांगत नव्हतं, म्हणून मी सांगत गेले.

लोकांनी जे लिहिलं त्यातलं बरंचसं वाईट होतं. कॅमेऱ्यात बघ. नाटकं करते. दोन कानाखाली ठेवून द्यायला पाहिजेत. लग्न झाल्यावर सगळं बरं होईल. पण मला लागायचं ते वेगळंच. ज्यांची मुलं अजिबात बोलत नव्हती अशा आया लिहायच्या, ताई, तू तर किती चांगलं बोलतेस, तू आमच्या मुलासारखी नाहीस. एकदा त्यांच्यापैकी एकीनं विचारलं की तिचा मुलगा दिवसभर गुणगुणतो, ते बंद कसं करायचं. मी लिहिलं, बंद करू नका, आणि त्या आठवड्यात माझ्या सुराचाच व्हिडिओ केला. पाण्याचा दिवस होता. मोटरी चालू झाल्यावर मी मोबाइल लावला, हनुवटीखाली हात धरला आणि एरवी कोणासमोर करत नाही ते लोकांसमोर केलं. मग मोटरी बंद झाल्यावर सांगितलं की हे वेड नव्हे, ही माझी भिंत आहे, मी ती आवाजाविरुद्ध आवाजानंच बांधते.

तो व्हिडिओ इतरांपेक्षा जास्त फिरला. पुढच्या रविवारी देवगाव रंगारीहून एका मुलीचा मेसेज आला. तिचं नाव रोहिणी. तिनं लिहिलं होतं की तिच्या आजीला डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण तिनं माझा आवाज ऐकला आणि पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, आता ती जेवत नाही, तिला माझ्याशी बोलायचंय. खाली आजीच्या आवाजातला मेसेज होता. मी तो जिन्यात बसून ऐकला. कोंबड्यांचा आवाज, कोणाचं तरी खोकणं, आणि मग म्हातारा, थरथरता आवाज: "बाई, तू कुणाची गं? उत्तमची तर नाय ना? उत्तमची असशील तर त्याला म्हणावं, सोनाबाय इचारती. त्याची भईन, आमची इंदी, असाच सूर धरायची. त्योच सूर हाय. दुसरा नाय."

उत्तम म्हणजे माझे पप्पा. देवगाव रंगारी त्यांचं गाव. पप्पांना बहीण नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं. मी मम्मीला विचारलं, इंदी कोण. ती मशीनवर होती, तिचा पाय थांबला. तिलाही फार माहीत नव्हतं. लग्नानंतर कधीतरी सासूच्या तोंडून नाव ऐकलं होतं, आणि सासूनं लगेच पदर तोंडाला लावला होता. "त्यांना विचारू नको," मम्मी म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "विचारायचं असलं तर मी नसताना विचार."

त्यानंतरचे दिवस मला घरात एक माणूस जास्त असल्यासारखं वाटायचं. आमची वंदना विहारातली, घरात बुद्धाची तसबीर, भुताखेतांवर कोणाचा विश्वास नाही, आणि पप्पांचा तर या असल्या गोष्टींवर इतका राग की मी लहान असताना मामानं मला कुठल्याशा बाबाकडे न्यायची गोष्ट काढली तेव्हा ते ताटावरून उठले आणि वर्षभर मामाशी बोलले नाहीत. तरीही मला इंदी दिसायला लागली. दिसायला म्हणजे घराच्या रचनेत दिसायला. आमच्या घरातल्या कुठल्याच खोलीला बाहेरून कडी नव्हती. संडासालासुद्धा नाही. चौकटीवर स्क्रूची भोकं होती, ती पुट्टी भरून बुजवलेली. मी इतकी वर्षं ती बघत होते आणि मला वाटायचं, घर बांधणाऱ्यानं कंजुषी केली. मम्मी रागात कधी म्हणाली, की आता हिला आत ठेवून दार ओढून घेते, तर पप्पा बाहेरून धावत यायचे. मी ती भोकं बोटांनी चाचपत फिरायचे आणि मला वाटायचं, कोणीतरी पलीकडून तेच करतंय.

पप्पांना मी सोनाबाईंचा मेसेज ऐकवला तो त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, गच्चीवर. मम्मी विहारात गेली होती. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, मग टाकीच्या सावलीत बसले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी पापड उलटत होतं.

"माझ्याहून दोन वर्सांनी मोठी," ते म्हणाले. "बोलायची नाय. आई-बा रोजानं जायचे. तिला आत ठिवायचे अन् बाहेरून कडी. मला दाराशी बसवायचे. कोणी इचारलं तर सांगायचं, झोपलीय. ती आतून दाराला गाल लावायची अन् सूर धरायची. माझी पाठ दाराला. पाठीत यायचा तो आवाज, इथं." त्यांनी हात मागं नेऊन जागा दाखवली.

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत लिहिते. उन्हाळ्याचे दिवस होते, पत्रा तापलेला. आत बहिणीचा सूर चढत गेला आणि मग रडणं झाला, तेव्हा या पोरानं कडी काढली. वाटलं, लिंबाच्या सावलीला बसेल. पण त्या दिवशी पाटलांच्या घरचं लग्न होतं आणि वस्तीपर्यंत बँड ऐकू येत होता. इंदी कानांवर हात ठेवून सरळ त्या आवाजाच्या दिशेनं पळाली. मांडवात शिरली, ताशेवाल्याच्या हातातली काडी हिसकली, किंचाळत जमिनीवर पडली. आमच्या वस्तीतलं लेकरू पाटलांच्या मांडवात, पंगतीच्या मधोमध. मुलगी कशी आहे, तिला काय होतं, हे कोणी विचारायच्या आधी ती कोणाची आहे हे विचारलं गेलं. आजोबांना बोलावून घेतलं. हिचा बंदोबस्त करा, नाहीतर वस्तीतल्या कोणाला आता कामाला बोलावणार नाही. वस्तीतल्या शहाण्यांनीच मग सुचवलं, की अमुक गावाबाहेर एक ठिकाण आहे, तिथं असल्यांना ठेवून घेतात, बाहेरचं असेल तर उतरतं. माझे आजोबा धर्म बदललेले, देवाला हात न जोडणारे. ते पोरीला घेऊन तिथं गेले. आजी काही आठवडे तिच्याजवळ राहिली. तिथं झाडाला साखळ्या होत्या, एवढंच ती नंतर कधीतरी बोलली. मग पेरणीचे दिवस आले, आजी परत आली, आणि ठरवलं की दर आठवड्याला जायचं. एका आठवड्याला गेले तेव्हा साखळी होती, इंदी नव्हती. निघून गेली म्हणाले. कुठं, कोणाला माहीत नव्हतं.

"आई दर बाजाराला कन्नडला जायची," पप्पा म्हणाले. "बाजार नाय करायची. स्टँडवर उभी राहायची. यस्ट्या बघायची."

मी विचारलं, म्हणून तुम्ही मला मामाच्या त्या बाबाकडे नेऊ दिलं नाहीत का. ते म्हणाले, "म्याच कडी काढली ना." मी म्हणाले, तुम्ही आठ-नऊ वर्षांचे असाल. ते म्हणाले, व्हय.

पुढच्या रविवारी आम्ही मोटरसायकलवर देवगावला गेलो. बसमध्ये मला जमत नाही, आणि हेल्मेटच्या आत जग मला बरंच सहन होतं. वेरूळ मागं पडलं, कसाबखेडा गेलं, दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी लागली. आजी गेल्यापासून पप्पा गावात आले नव्हते. सोनाबाईंच्या घरापुढं पोचलो तर अंगणात वस्तीतल्या बाया जमलेल्या. सगळ्यांना माहीत होतं. म्हातारी बाजेवर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, हात पुढं केलेले. ती इंदीची लहानपणची सोबतीण, तिच्याच वयाची, पण दिसत होती फार थकलेली. मी जवळ गेल्यावर तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवली. हलका स्पर्श मला चटक्यासारखा लागतो. मी मागं सरकले आणि म्हणाले, असं नको, धरायचं तर घट्ट धरा. तिनं दोन्ही हातांनी माझा दंड आवळला आणि तिच्या तोंडून हुंदका फुटला. "तिला बी असंच लागायचं," ती म्हणाली. "इहिरीवरचं इंजन चालू झालं की त्याच्याशेजारी बसायची, अन् मी तिला धरून बसायची. घट्ट."

मग तिनं मला सूर धरायला सांगितला. इतक्या बाया, पोरं, कोंबड्या, कुठंतरी टीव्ही चालू, उन्हात तापलेली माती. मला तसाही तो धरावाच लागणार होता. मी खाली बसले, हनुवटीखाली हात घेतला आणि डोळे मिटले. मी जो आवाज माझा समजत होते, ज्याच्याबद्दल हजारो लोकांना सांगत होते, तो त्या अंगणात माझा राहिला नाही. बायांचं बोलणं थांबलं. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलेलं मला डोळे मिटूनही कळलं. मी थांबले तेव्हा सोनाबाई सगळ्यांना सांगत होती, परत आली, उत्तमच्या पोटी परत आली, मी म्हणलं नव्हतं का. दोघीतिघी पुढं होऊन माझ्या पायाशी वाकल्या. व्हिडिओखाली शिव्या वाचताना मला कधी इतकी भीती वाटली नव्हती. त्या बायांना मी दिसतच नव्हते.

पप्पा दाराच्या चौकटीशी उभे होते. ते पुढं आले आणि त्यांनी बायांना हातानं मागं सारलं.

"आक्का, ही प्रज्ञा हाय," ते म्हणाले. "माझी लेक. इंदी न्हाय. अन् इंदी मेल्याचं कुणी बघितलंय? मेलीच न्हाय, तर परत कशी यील?"

सोनाबाईनं माझा दंड सोडला. ती हळूच म्हणाली, "बरं बाबा." रोहिणीनं चहा आणला, तो आम्ही उभ्यानंच घेतला.

परतताना कसाबखेड्याच्या फाट्यावर पप्पांनी गाडी थांबवली. हॉटेलाच्या बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी रस्त्याकडे बघत विचारलं की माझे व्हिडिओ किती लोक बघतात. मी सांगितलं, पुष्कळ. ते म्हणाले, मग त्यांना इंदीचं सांग. मी विचारलं, सगळं सांगू? मांडवाचं, साखळीचं? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कडीचं बी सांग."

मी सांगितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, ठिकाणाचं नाव घेतलं नाही. आमच्याकडे इंदीचा एकही फोटो नव्हता, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं. मी शेवटी एवढंच म्हणाले, की ती आता पन्नाशी ओलांडलेली असेल, बोलत नसेल, गुणगुणत असेल, तुम्हाला अशी कोणी बाई कुठं दिसली तर कळवा. मामाचा फोन आला की घराची अब्रू चव्हाट्यावर आणली. गावाहूनही कोणाकोणाचे आले, पाटलांचं नाव कशाला घेतलं म्हणून. त्या आया मात्र, ज्या मला तू आमच्या मुलासारखी नाहीस म्हणायच्या, त्यांनी पुन्हा तसं कधी लिहिलं नाही. एकीनं फक्त मुलाचं नाव लिहून पाठवलं. दुसरं काही नाही, नुसतं नाव.

आणि मग फोटो यायला लागले. मला कल्पना नव्हती. स्टँडवरच्या, रेल्वे स्टेशनवरच्या, आश्रमातल्या, पुलाखालच्या बायका. कापलेल्या केसांच्या, पुरुषी शर्ट घातलेल्या, कोणाच्या तरी ओट्यावर वर्षानुवर्षं बसून असलेल्या. कोणाचंच नाव माहीत नाही. आपल्या या भागातच नावाशिवाय किती बायका फिरतायत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पप्पा चारला यायचे, हात धुवायचे, आणि खिडकीजवळ बसून दिवसभरात आलेले फोटो बघायचे. एकेका फोटोपुढं "नाय" म्हणायचे. मी समोरच्याला लिहायचे, नाही, ती नाही, आभारी आहे.

मी त्यांना एकदा विचारलं, लहानपणी बघितलेली मुलगी तुम्ही आता ओळखाल का. ते म्हणाले, तोंड नाही ओळखणार. तिच्या तोंडाकडे ते कधी बघायचेच नाहीत, तिला खपायचं नाही. "हात वळखीन," ते म्हणाले. कसे होते हात, मी विचारलं. त्यांनी स्वतःचे हात पुढं केले, बोटं जरा वाकवली, मग सरळ केली, मग मांडीवर ठेवून दिले. "सांगता येत नाय. दिसले की कळंल." तेव्हापासून मी लोकांना सांगायला लागले की चेहऱ्याचा नको, हातांचा फोटो पाठवा. माझा फोन हातांनी भरून गेला. भेगाळलेले, मेंदी उडालेले, नखं कुरतडलेले, साखळीचा वळ असलेले. मी भाकरी खाताना, अंघोळ करताना मला ते हात दिसायचे.

एकदा आम्ही गेलोही. दुसऱ्या जिल्ह्यात, निराधार बायकांच्या एका संस्थेत. तिथल्या ताईंनी कळवलं होतं की एक बाई आहे, बोलत नाही, मिक्सर लागला की त्याच्यासारखा आवाज काढते. ती व्हरांड्यात बसली होती, स्वच्छ पातळ नेसलेली. पप्पा तिच्याशेजारी जमिनीवर बसले, तिच्याकडे न बघता. तिचे हात तिच्या मांडीवर होते. ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. त्या बाईनं आमच्याकडे एकदाही बघितलं नाही, पण आम्ही उठलो तशी ती भिंतीच्या बाजूला सरकली आणि आम्ही बसलो होतो ती जागा तळहातानं पुसून काढली.

गाडी काढताना पप्पा म्हणाले, "तुला खरं सांगू? नाय म्हणलं ना, की सुटल्यावाणी वाटतं." मला कळलं नाही. ते म्हणाले, ती असती तर तिच्याकडं बघावं लागलं असतं. इतकी वर्षं तिचं काय झालं ते सगळं तिच्या अंगावर बघावं लागलं असतं. मग हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली.

ते वाक्य माझ्यात अडकून बसलं. त्यानंतर त्यांनी नाही म्हटलं की मी त्यांच्या आवाजाकडे लक्ष द्यायला लागले. मला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत, आवाज येतात. शेकडो फोटोंत एकदाच मला तो वेगळा वाटला. परभणीकडून आलेला फोटो होता, एका बाईचे हात, परातीतल्या ज्वारीत बोटं खुपसलेली. पप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला, जो ते एरवी घेत नसत. गॅलरीत गेले. परत आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं. म्हणाले, नाय. मी लिहिलं, नाही, ती नाही, आभारी आहे. लिहिताना माझा अंगठा थांबला होता, पण मी विचारलं नाही. आजही मला वाटत नाही की विचारायला हवं होतं. बोलायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. पण तो फोटो मी पुसला नाही. काही वर्षांनी मी त्या माणसाला मेसेज केला, तर नंबर दुसऱ्याच कोणाकडे गेला होता.

पप्पा गेले. सोनाबाई त्यांच्या आधी. रोहिणी आता दोन मुलांची आई आहे, तिचा धाकटा चार वर्षांचा होऊनही बोलत नाही, आणि ती मला दर रविवारी फोन करते. त्याच्यासाठी तिनं जे जे केलं ते इंदीसाठी कोणी करू शकलं नसतं का, असा विचार मनात आला की मी तो तिथंच सोडते. व्हिडिओ मी आता क्वचित करते. माझे केस पांढरे झालेत, आवाज जाड झालाय, आणि नव्या मुली माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. पण तो इंदीचा व्हिडिओ कोण कुठून शोधून काढतं कोण जाणे, फोटो अजून येतात. कमी येतात, पण येतात. आणि इंदीला बघितलेलं माणूस आता कुठंच उरलेलं नाही. नाही म्हणू शकेल असं कोणी राहिलं नाही. त्यामुळे येणारा प्रत्येक हात तिचा असू शकतो, आणि मी प्रत्येकापुढं बसून राहते.

परवा दुपारी एक आला. जालन्याकडच्या कुठल्याशा खेड्यातून, एका तरुण मुलानं पाठवलेला. सुरकुतलेले दोन हात, गुडघ्यावर एकावर एक ठेवलेले, बांगड्या नाहीत. त्यानं लिहिलं होतं की ही बाई त्याच्या वडिलांच्या लहानपणी कधीतरी त्यांच्या गोठ्यात येऊन राहिली, ती कोणाची हे कोणाला माहीत नाही. मी "नाही" एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी विचारलं, तुम्ही तिला काय म्हणून हाक मारता.

त्याचं उत्तर लगेच आलं. तिचं नाव कोणालाच माहीत नाही, आम्ही सगळे तिला आत्याच म्हणतो.